पोट साफ होतं का, हे तर तुम्ही विचारता. कोणत्या तारखेला, तेही विचारा

पुणे शहर आणि उपनगरांतल्या सर्व फॅमिली डॉक्टरांस,

स. न. वि. वि.

माझा आजार कळायच्या आधीच्या चौदा वर्षांत तुमच्यापैकी चौघांनी मला तपासलं. चौघांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि विचारलं, "पोट साफ होतं का?" मी चौघांनाही "नाही" म्हटलं. त्यावर दोघांनी चूर्ण दिलं, एकानं सिरप दिलं आणि एकानं, तो जरा तरुण होता, कागदावर लिहून दिलं: भरपूर पाणी, पालेभाज्या, रोज चालणं. मी धनकवडीत राहते, पेठेतल्या एका शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते आणि पालेभाजी आमच्या घरी आठवड्यातून पाच दिवस होते. पण मी काही बोलले नाही. डॉक्टरांशी वाद घालू नये, असं आमच्या आईनं शिकवलंय.

चिठ्ठीत काही चुकीचं लिहिलं होतं, अशी माझी तक्रार नाही. चिठ्ठी लिहायच्या आधी एक प्रश्न राहून गेला, त्याबद्दल हे पत्र आहे. आणि ते आजच का लिहितेय, तेही सांगते, पण शेवटी.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मला एंडोमेट्रिओसिस असल्याचं कळलं. तुम्हाला वैद्यक शिकवण्याचा आगाऊपणा करत नाही, पण हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून चार ओळी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात: बीजकोशावर, ओटीपोटातल्या आवरणावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, कधी आतड्यावर. त्या पेशी हार्मोन्सचं ऐकतात. दर महिन्याला सुजतात, रक्ताळतात, आणि त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. मग दाह होतो, वण पडतात, शेजारशेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. माझ्या गर्भाशयाची मागची बाजू आणि गुदाशयाची पुढची भिंत अशी चिकटली होती आणि मधे एक गाठ होती. चौदा वर्षं मी तिला 'कोठा जड आहे' म्हणत होते.

आपल्याकडे कोठा आणि पाळी यांची गंमत आहे बघा. कोठ्याबद्दल मोठ्यानं बोललेलं चालतं. माझे सासरे सकाळी चहाचा कप हातात घेऊन, पेपर उघडायच्या आधी, कोठ्याचं बातमीपत्र देतात. "आज जरा बरं झालं." "आज काही मजा नाही." समोर पाहुणे असले तरी देतात, आणि पाहुणेही मग आपलं सांगतात. चूर्णाच्या जाहिराती ऐन जेवणाच्या वेळी टीव्हीवर लागतात, कोणी चॅनेल बदलत नाही. पाळीचं मात्र अजून 'अडचण आहे', 'तब्येत बरी नाही', आमच्या आजीच्या भाषेत 'कावळा शिवला'. त्यामुळे माझी एक तक्रार मी मोठ्या आवाजात तुमच्याकडे आणली आणि दुसरी हळू आवाजात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेली. दोन दवाखाने, दोन फायली. तुमच्या फायलीत पाळी नाही, त्यांच्या फायलीत संडास नाही.

यात माझाही वाटा आहे, नाही म्हणत नाही. ज्या डॉक्टरांकडे मी सगळ्यात जास्त वर्षं गेले, त्यांच्याकडे बाकाच्या वरच पाटी आहे: 'आजार थोडक्यात सांगावा. इतर माहिती विचारल्यास सांगावी.' आता पाटीचा मान आम्ही पुणेकरांनी ठेवायचा नाही तर कोणी? मी आजार थोडक्यात सांगितला. इतर माहिती कोणी विचारली नाही, म्हणून सांगितली नाही.

दोन्ही फायली पहिल्यांदा एकत्र आल्या त्या आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर. त्यावर आम्ही दुधाचे खाडे मांडतो. पाळीच्या दिवसाला मी कोपऱ्यात लाल ठिपका देते, लग्नाआधीपासूनची सवय. आणि त्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोशन किती दिवसांनी होते ते लिहून ठेवा, म्हणून त्या वर्षी हिरव्या स्केचपेननं टिका करत होते. घरात चार माणसं, कोणाला कळू नये म्हणून नुसती टीक. माझा संशय साबुदाण्यावर होता. संकष्टी, एकादशी, वर नवरात्र. उपास सोडायला मी तयार नव्हते, म्हणून आपल्यालाच दोष देत होते.

डिसेंबरच्या शेवटी दुधाचा हिशेब करताना वर्षाची सगळी पानं उलटली. संकष्टीचा आणि टिकांचा काही मेळ बसेना. लाल ठिपक्यांचा बसला. ठिपक्याच्या आधीचे पाच-सहा दिवस कोरे, जवळजवळ दर महिन्याला. मग ठिपक्याच्या पहिल्या दोन दिवसांत टिकांची गर्दी, आणि त्यातल्या बहुतेक टिकांशेजारी मी एकेक छोटी फुली काढलेली. फुली कशाची, ते मला लगेच आठवलं. संडासला बसल्यावर खालून वर सुरी घातल्यासारखी कळ यायची, मांड्यांपर्यंत उतरायची, आणि मी नळ सोडून ठेवायचे, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. ती फुली. दर महिन्याला ती मी स्वतःच्या हातानं काढत होते आणि पान उलटून पुढच्या महिन्याच्या दुधाला लागत होते.

पाळीच्या आधी कोठा मंदावणं आणि पाळी आल्यावर सैल होणं हे थोड्याफार प्रमाणात पुष्कळ बायकांचं होतं. आधीच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन आतड्याची चाल हळू करतं, पाळी येताना प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं ती वाढवतात. तेवढ्यावरून कोणी घाबरून जाऊ नये. पण शौचाला बसताना होणारी वेदना पाळीच्या तारखा बघून येत असेल, तर ती नुसत्या कोठ्याची राहत नाही. चूर्णाला तारीख कळत नाही. डॉक्टरांनी विचारली, तर डॉक्टरांना कळते.

मधल्या काळात मला 'मूळव्याध असेल' झालं, मग कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघितलं. ती स्वच्छ आली. 'आयबीएस आहे (म्हणजे चिडकं आतडं), ताण घेऊ नका' असं सांगितलं गेलं आणि घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. आतड्यावरचं एंडोमेट्रिओसिस बाहेरून आत शिरतं आणि आतल्या अस्तरापर्यंत क्वचितच पोचतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पावसाळ्यात बाहेरून ओल धरलेली भिंत आतल्या रंगावरून कळत नाही, तसंच. साध्या सोनोग्राफीचंही तेच: 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणजे आजार नाही, असा अर्थ निघत नाही. यातला सराव असलेल्या सोनोलॉजिस्टनी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि एमआरआय, यांत माझी गाठ दिसली. त्याआधी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हातानं तपासून "इथंच ना?" विचारलं होतं. इथंच.

युरोपातल्या प्रजनन-वैद्यकाच्या संघटनेनं २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधी झालीच पाहिजे, हा आग्रह सोडून दिलाय. लक्षणांवरून आणि स्कॅनवरून उपचार सुरू करता येतात. म्हणजे पहिला दरवाजा तुमचाच, खालच्या मजल्यावरचा, जिथं पेशंट चप्पल काढून बाकावर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, म्हणजे साधारण १९ कोटी. आणि निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात. म्हणजे मी फक्त दोन वर्षं जास्तीची घेतली.

आता गोळ्यांच्या डब्याबद्दल. आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळ्या असतात. एकदा मी त्या टेबलावर ओतल्या. पाळीच्या दुखण्यावरची ती सगळ्यांना पाठ असलेली गोळी: मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन. त्यातलं डायसायक्लोमिन पेटके थांबवतं, पण आतड्याची हालचालही मंद करतं. रक्तस्राव जास्त म्हणून हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाची गोळी. तिनं काय होतं ते प्रत्येक बाळंतिणीला माहीत आहे. आणि वेदना आवरेना तेव्हा रात्रीसाठी ट्रामाडॉल, जे अफूच्या जातकुळीतलं, कोठा बांधण्यात सगळ्यांचा बाप. तीन गोळ्या, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या चिठ्ठ्या, आणि चौथी चिठ्ठी चूर्णाची. प्रत्येक गोळीला कारण होतं. कोणी मूर्खपणा केला नव्हता. पण चारही चिठ्ठ्या एका टेबलावर कोणी ठेवल्या नव्हत्या, आणि ते टेबल फॅमिली डॉक्टरचं असतं अशी माझी आपली समजूत आहे.

निदान झाल्यावर सगळं सुतासारखं सरळ झालं, असं वाटेल. तसं झालं नाही. रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट हे हार्मोनचं औषध सुरू झालं, काही महिन्यांत पाळी थांबली, सुरीची कळ गेली. लाल ठिपके गेले, फुल्या गेल्या. हिरव्या टिका काही वाढल्या नाहीत. आठवड्याला दोन, फार तर तीन. तेही कुंथून कुंथून, शेळीच्या लेंड्यांसारखं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९७ साली शौचाच्या आकारावरून सात प्रकारांचा एक तक्ता छापला, ब्रिस्टलचा तक्ता. त्यातला पहिला प्रकार म्हणजे आपल्या शेळीच्याच. त्या तक्त्याला वैद्यकात मान आहे, आमच्या आजीच्या वर्णनाला नव्हता.

घरात कुजबुज सुरू झाली, आता पाळीच नाही तर हिला काय होतंय? मलाही तसंच वाटायला लागलं होतं. उत्तर मिळालं एका फिजिओथेरपिस्टकडे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी अशी काही गोष्ट असते, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. तिनं तपासलं आणि म्हणाली, "ताई, जोर लावा." मी लावला. ती म्हणाली, "तुम्ही बाहेरून दार ढकलताय आणि आतून कडी घालताय." वर्षानुवर्षं दुखणार, दुखणार म्हणून अंग आवळून धरायची सवय लागली होती, ज्या स्नायूंनी त्या वेळी सैल पडायचं, तेच घट्ट मिटत होते. दुखणं गेलं, सवय राहिली. इसबगोलचं पोतं आणलं असतं तरी कडी निघाली नसती. ती काढायला तीन महिने गेले: पोट फुगवून सावकाश श्वास, दात-ओठ न आवळता, गरम चहावर फुंकर घालावी तसा उच्छ्वास, आणि कुंथायचं नाही म्हणजे नाही.

दुसरं तिनं सांगितलं पायांबद्दल. आमच्याकडे कमोड आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. उकिडवं बसलं की गुदाशयाचा बाक सरळ होतो, कमोडवर तो दुमडलेलाच राहतो. म्हणून पायांखाली काहीतरी उंच घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. घरी आले, माळ्यावरून पाट काढला. पितळी फुल्यांचा, नवऱ्याच्या मुंजीतला. सासूबाईंनी तो माझ्या हातात, संडासाच्या दाराशी, बघितला. पुढचा संवाद इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर संडासात गुलाबी प्लॅस्टिकचं छोटं स्टूल होतं. तुळशीबागेतून त्यांनी स्वतः जाऊन आणलं होतं, घासाघीस करून. त्या विषयावर आम्ही दोघी तेव्हापासून काही बोललेलो नाही. हल्ली स्टूल कधी कधी मी ठेवलं त्यापेक्षा वेगळ्या जागी असतं.

वेळेचं मात्र मी अजून काही करू शकलेले नाही. माझी शाळा सकाळची. सहा वीसला घर सोडते. उठल्यावर आणि काही पोटात गेल्यावर आतडं आपण होऊन ढकलायला लागतं, हीच दिवसातली सगळ्यात चांगली वेळ असते, आणि त्या वेळी आमच्या एकमेव संडासाच्या दारावर टकटक चालू असते. मोठी सुट्टी वीस मिनिटांची, त्यात डबा, वह्या आणि स्टाफच्या टॉयलेटबाहेरची रांग. शाळेत शिकवणाऱ्या बायका पाणी कमी पितात, हे तुम्ही विचारलंत तर कळेल. भरपूर पाणी प्या, हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्यायलेलं पाणी कुठं सोडायचं, हा त्याचा उत्तरार्ध. आता मी पाचलाच उठते, गरम पाणी, एक केळं, आणि दहा मिनिटं माझी. झालं तर झालं, नाही तर उठायचं, बसून राहायचं नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळे बोलतात. 'फायबर वाढवा' यानं माझं पोट आधी डब्ब झालं. इसबगोल, मटकीची उसळ आणि चण्याची भाजी एकाच दिवशी खाल्ली की पाच महिन्यांची दिसायचे, आणि शाळेत एकीनं अभिनंदनही केलं. ते ऐकून घरी येऊन रडले. आम्हाला मूल नाही. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं कांदा, लसूण, कडधान्यं काही आठवडे कमी केली, मग एकेक परत आणली. मुगाची डाळ चालते, चणे चालत नाहीत. जवसाची चटणी चालते. रोज दोन किवी चालतात, खिशाला तेवढी चालत नाहीत, म्हणून निम्मे दिवस पपई. आणि रात्री मॅक्रोगोलची, शौच मऊ करणारी पावडर पाण्यात, डॉक्टरांनी ठरवून दिलेली. सोनामुखीच्या चूर्णावर मी जी दहा वर्षं काढली, त्यात पोटात मुरडा यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरं. आता टिका आठवड्याला पाच आहेत. हे माझं, दुसरीचं वेगळं असेल.

ऑपरेशनचा विषय माझ्यापुरता बाजूला ठेवलाय. काहींना ते लागतंच. पण आतड्यावरची गाठ काढली म्हणजे बद्धकोष्ठ गेलंच, असं होत नाही, हे मला सर्जननी स्वतः सांगितलं, त्यांचे आभार.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच. एखादी बाई, एखादी मुलगी म्हणाली की पोट साफ होत नाही, तर लगेच पुढे विचारा: रोजचंच आहे, की काही ठरावीक दिवसांत जास्त? पाळीच्या दिवसांत संडासला बसताना दुखतं का? सोबत नवरा, सासू, वडील असतील तर त्यांना दोन मिनिटं बाहेर बसवून विचारा. आम्ही त्यांच्यासमोर 'नाही' म्हणणार, हे धरून चाला. सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, तो डबा घेऊन यायला सांगा. वजन उतरतंय, शौचावाटे रक्त जातंय, तर ते वेगळं बघालच. आणि कृपा करून 'लग्न झालं की', 'एक मूल झालं की' हे वाक्य सोडून द्या. मी ते लग्नाआधी तिघांकडून ऐकलं आणि लग्नानंतर दोघांकडून. तुमच्याकडे संध्याकाळी बाहेर पंचवीस माणसं बसलेली असतात, मला दिसतं. पण या दोन प्रश्नांना जीभ बघण्याइतकाच वेळ लागतो. आणि पाटी बदलणार असाल तर मजकूर मी देते, फुकट: 'पोटाची तक्रार पाळीच्या तारखेसह सांगावी.'

आता, आजच का. माझ्या वर्गात नववीतली एक मुलगी आहे. दर महिन्याला एक-दोन दिवस तिची रजा असते. अर्जावर दर वेळी एकच शब्द, 'पोटदुखी', खाली आईची सही. मधे एकदा ती तासाला उठून गेली आणि बराच वेळ आली नाही. मी बघायला गेले तर टॉयलेटमधला नळ सोडलेला होता, पूर्ण. मी बाहेर उभी राहिले. तो आवाज मला माहीत होता.

वर्गाची हजेरी माझ्याकडेच असते. जूनपासूनच्या तिच्या रजेच्या तारखा मी एका कागदावर उतरवल्या. मुलीशी बोलले, मग तिच्या आईशी. आई म्हणाली, "बाई, तिचा कोठाच कडक आहे, माझ्यावर गेलीय." मी म्हटलं, असेल, पण हा कागद डॉक्टरांना दाखवा. मला काही निदान करायचं नाही, ते माझं काम नाही; असेलही नुसता कोठा.

शनिवारी संध्याकाळी त्या दोघी तुमच्यापैकी एकाकडे येतील. आई बोलेल, मुलगी गप्प बसेल. कागद चौकोनी वहीचा आहे, चार घड्या घातलेला.

आपली,
एक पेशंट
धनकवडी, पुणे